निचरा

दार उघडायच्या आधीच नाकाला कळतं.
ओलं गोणपाट, जुन्या वह्या,
वर्षानुवर्षं न उघडलेली पेटी.
"बाई पाठवली होय?" मिस ओडाली विचारते.
मी शर्टावर शिवलेलं नाव दाखवते, डेल्फीन,
आणि बूट दाराशी काढते.
ती जराशी नरमते.

इथं हूमात, लुइझियानाच्या या टोकाला,
ऑगस्टमधली हवा कुणी श्वासात घेत नाही,
चावून गिळतात.
खाडी रात्री उठते, घराघरातून हिंडून जाते,
पावलं उमटत नाहीत,
फक्त सकाळी मिठाचा खडा झालेला असतो,
दारं चौकटीत फुगून बसलेली असतात,
आणि पाकिटं, आत पत्र घालण्याआधीच,
आपली आपण चिकटलेली.

"काटा पार तळाला नेलाय," ती सांगते,
"तरी अंथरूण ओलसर लागतं."
अंगात स्वेटर. ऑगस्टात.
खिडक्यांच्या काचांना बाहेरून घाम.

माळ्यावर भट्टी पेटलेली. गुडघ्यांवर सरकत
मी यंत्रापाशी पोचते, पाटी पुसून वाचते:
चार टन.
या एवढ्याशा घराला!
अडीचमध्ये भागलं असतं, वर थोडं उरलंही असतं.
"नोएलनं आणलं होतं," खालून आवाज येतो,
"वादळानंतरच्या पहिल्या कमाईतून, कोळंबीच्या.
म्हणाला, माझ्या बायकोला घाम फुटता कामा नये."

आता हे कसं सांगायचं?
की फार मोठं यंत्र घर झटक्यात गार करतं
आणि कर्तव्य उरकल्यासारखं झोपी जातं.
पाणी काढायचं तर वेळ द्यावा लागतो.
हवेनं थंड नळ्यांशी रेंगाळायला हवं,
थेंबाला थेंब भेटायला हवा, जड व्हायला हवा,
ओघळायला हवा.
गारवा वेगळा, कोरडेपणा वेगळा.
माझे गुरू, म्हातारे अल्सीद, एवढं एकच वाक्य
मला दहा वर्षं शिकवत होते.

निचऱ्याच्या नळीत शेवाळाचा बुळबुळीत गोळा,
खालचा ट्रे काठोकाठ,
हवेच्या वाटेवर आतून काळे तीळ पेरल्यासारखी बुरशी.
मी गोळा ओढून काढते. व्हिनेगर ओतते.
मास्कच्या आत माझाच घाम ओठांवर येतो.

खाली येऊन भिंतीवरचं बटण बघते.
पंखा कायमचा चालू.
"हा का?"
ती स्वेटरची गुंडी लावते, काढते.
"बंद झाला की घर फार गप्प होतं."

आणि मी, जी कुणालाही
न कचरता बिल हातात ठेवते,
थोडा वेळ हातातली पकड पुसत राहते.
कारण यंत्र थांबल्यावर नळ्यांवर उरलेलं पाणी
हाच पंखा रात्रभर
तिच्या अंगावर परत फुंकत होता.

कपाटात नोएलचे रविवारचे बूट,
चामड्यावर मऊ हिरवी लव.
"ते राहू देत."
"राहिले तर पसरेल, मिस ओडाली."
ती फडकं माझ्या हातातून घेते.
डावा बूट पुसते, बोटांची जागा फुगलेली, तिथं सावकाश.
उजवा तसाच ठेवते.
मी बघितलं नाही असं दाखवते.

नवं यंत्र तिला नको. ते काढायचं नाहीच.
मग व्हरांड्यामागच्या खोलीत
ओल शोषणारं एक छोटं यंत्र बसवते,
पंखा 'ऑटो'वर आणते, काटा चार घरं वर चढवते,
रेडिओ कुठाय विचारते, आणि तो लावून निघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन:
"बादली भरली गं. दोनदा.
कुठं होतं एवढं पाणी?"

घरातच, मी म्हणते.

पलीकडे रेडिओवर कुणीतरी भरतीच्या वेळा वाचतंय.
"मग आता," ती विचारते,
"हे ओतू कुठं?"